फोल्डिंग सायकलमध्ये बदल करताना : मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

फोल्डिंग सायकल घेतली की दीड-दोन महिन्यांत हात शिवशिवायला लागतात. सीट बदलू, टायर बदलू, गिअर वाढवू, कुणीतरी मोटर लावली म्हणे, मग आपणही लावू. खालची उत्तरं मुंबईत रोज सायकल वापरणाऱ्यासाठी आहेत : घर लहान, जिना अरुंद, लोकल भरलेली, हवा खारी आणि चार महिने पाऊस. माझा निकष एकच आहे आणि तो पुढे वारंवार डोकावेल. कुठलाही पार्ट बसवा, पण त्यानंतर सायकलची घडी पहिल्याइतकीच पटकन आणि पहिल्याइतकीच लहान झाली पाहिजे. ती होत नसेल, तर साध्या सायकलने काय घोडं मारलं होतं?

माझी सायकल स्वस्तातली आहे. तिच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे का?

फ्रेम आणि बिजागरी कशी आहे, त्यावर ठरवा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. मधल्या बिजागरीत किंवा हँडलच्या दांड्याच्या मुळाशी खटखट जाणवली आणि लॅच (बिजागरी बंद करणारी कडी) नीट कसूनही ती राहिली, तर त्या सायकलवर एक रुपयाही घालू नका. फ्रेम घट्ट असेल तर टायर, ब्रेकपॅड, केबल, सीट आणि पायडल खुशाल बदला. यातलं बरंच काही पुढच्या सायकलवरही चालतं. चाकं आणि सगळे गिअर बदलायला निघालात, तर मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. सायकलच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च दिसायला लागला की ती विकून वरच्या दर्जाची घ्यावी, असं माझं मत आहे.

थोड्या पैशात सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

टायर, ब्रेकपॅड आणि केबल, याच क्रमाने. त्यानंतर सीट. बाकी सगळं हौसेचं.

केबलकडे कुणी पाहत नाही, पण फोल्डिंग सायकलची केबल रोज दुमडते. वर्षभरात आतली तार खरखरायला लागते, ब्रेक जड होतो आणि मालकाला वाटतं की ब्रेकच भिकार आहे. नवी स्टीलची तार आणि नवं आउटर, म्हणजे तारेवरची नळी, घाला. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो : गिअरचं आउटर ब्रेकला कधीही वापरू नका. त्यातल्या तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात. ब्रेकच्या जोराने त्या फाकून आउटर फुटू शकतं, आणि ते फुटतं नेमकं जोरात ब्रेक दाबल्यावर.

२० इंची टायर मागवला, पण तो रिमवर बसतच नाही. असं का?

कारण २० इंच हे माप नावापुरतं आहे. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत ४७-४०६ किंवा २८-४५१ असा आकडा छापलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमवर टायर जिथे टेकतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २० इंचांत ४०६ आणि ४५१ अशा दोन जाती आहेत, १६ इंचांत ३०५ आणि ३४९. जर्मन बर्डीसारख्या १८ इंची सायकलचं माप ३५५. ब्रॉम्प्टनच्या १६ इंची सायकली ३४९ वर चालतात. डाहॉन, टर्न आणि डिकॅथलॉनच्या २० इंची फोल्डिंग सायकली बहुतांशी ४०६. दुकानदाराला इंच सांगू नका, हा तीन आकडी नंबर सांगा.

मुंबईत ४०६ सोडू नये असं मी म्हणतो, आणि त्याचं कारण अगदी घरगुती आहे. लहान मुलांच्या २० इंची रुंद टायरच्या सायकलींना हेच माप लागतं. त्यामुळे भांडुप असो की भायखळा, रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे ४०६ ची ट्यूब सापडते. ३४९ ची ट्यूब मात्र पाठपिशवीत स्वतःच बाळगावी लागते.

४०६ काढून ४५१ ची चाकं लावली तर वेग वाढतो म्हणतात. खरं आहे का?

जरा गणित करू. ४७-४०६ टायरचा बाहेरचा व्यास ४०६ अधिक दोन वेळा ४७, म्हणजे सुमारे ५०० मिलिमीटर. २८-४५१ चा ४५१ अधिक दोन वेळा २८, म्हणजे ५०७. चाक मोठं झालं असं डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याला टेकणारा घेर जवळजवळ तेवढाच राहिला. थोडाफार वेग वाढतो तो अरुंद आणि हलक्या टायरमुळे. तसा टायर ४०६ मध्येही मिळतो, श्वाल्बे या टायर कंपनीचा कोजॅक हे त्याचं उदाहरण.

शिवाय रिम साडेबावीस मिलिमीटर वर सरकते. जुन्या व्ही-ब्रेकचे (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या ब्रेकचे) पॅड तिथवर पोचत नाहीत, मग लांब हाताचे ब्रेक शोधा, मडगार्ड काढा, असं लचांड सुरू होतं. आणि २८ मिलिमीटरचा टायर घेऊन पेव्हर ब्लॉकच्या फटींतून जाणं ज्याने अनुभवलं आहे, तो परत रुंद टायरकडेच येतो.

मग मुंबईच्या रस्त्यांना कोणता टायर?

लहान चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा खोल जातं, त्यामुळे इथे रुंदी हवीच. फ्रेम आणि मडगार्डमध्ये जागा असेल तर ४० ते ५० मिलिमीटर. श्वाल्बेचा साधा मॅरेथॉन ४०-४०६ हा मधला मार्ग आहे. त्याचाच मॅरेथॉन प्लस आत ५ मिलिमीटरचा रबरी थर घेऊन येतो. पंक्चर जवळपास विसरायला होतं, पण टायर जड आणि थोडा मठ्ठ लागतो. ज्याला रोज ऑफिसला वेळेवर पोचायचं आहे त्याने प्लस घ्यावा, रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

हवेचा दाब टायरवर छापलेल्या मर्यादेतच ठेवा. पण कमाल आकडा गाठायचा अट्टाहास नको. सत्तर किलोच्या माणसाला ४७ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. पावसात त्याहून थोडी कमी.

ट्यूब घेताना व्हॉल्व बघा. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व असेल तर पेट्रोलपंपावर आणि कुठल्याही गॅरेजवर हवा भरता येते. सडपातळ प्रेस्टा व्हॉल्व असेल, तर त्याचं पितळी अडॅप्टर किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवा.

सपाट रस्त्यावर पाय नुसतेच फिरतात, वेग येत नाही. पुढची चकती मोठी लावू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते काढायला शिका. पुढच्या, पायडलपाशी असलेल्या चकतीचे दात भागिले मागच्या चाकीचे दात, गुणिले चाकाचा घेर. २० इंची ४०६ चाकाचा घेर अंदाजे १.५५ मीटर धरा. कमी किमतीच्या बऱ्याच सायकलींत पुढे ४६ आणि मागे १४ ते २८ दातांचा फ्रीव्हील (मागच्या चाक्यांचा गठ्ठा) असतो. सगळ्यात जड गिअरमध्ये ४६ भागिले १४, म्हणजे एका फेरीत सुमारे ५.१ मीटर. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्यात तर ताशी २४ किलोमीटरच्या आसपास. त्यापुढे पाय नुसतेच फिरणार.

पुढे ५२ ची चकती लावली तर त्याच ८० फेऱ्यांना ताशी साधारण साडेसत्तावीस किलोमीटर मिळतात. पण हलका गिअरही त्याच प्रमाणात जड होतो. ४६ आणि २८ ला एका फेरीत २.५ मीटर होते, ते आता २.९ झाले. पेडर रोडचा चढ, आरेमधले चढउतार, ऑफिसची बॅग घेऊन उड्डाणपूल : सगळीकडे तो फरक गुडघ्यात कळतो. शिवाय मोठी चकती घडी केल्यावर जमिनीच्या आणखी जवळ येते.

म्हणून पुढची चकती आहे तशी ठेवून मागे लहान चाकी आणा, असं माझं सांगणं आहे. ११ दातांपासून सुरू होणारे फ्रीव्हील मिळतात. डीएनपीचा ११-३४ हा लहान चाकांच्या सायकलवाल्यांत बराच चालतो. पुढे ४६ आणि मागे ११ म्हणजे फेरीला ६.५ मीटर, ८० फेऱ्यांना ताशी ३१ किलोमीटर. मुंबईच्या रहदारीत त्याहून जास्त वेग मिळतो तरी कुठे? आणि मागे ३४ असल्याने चढाला फेरी २.१ मीटरची. दोन्ही टोकं सुधारली. फक्त घेण्याआधी तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चाकीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) ३४ दातांपर्यंत चालतो का ते बघा. लांब पिंजऱ्याचा डिरेलर २० इंची चाकाला जमिनीच्या फार जवळ लोंबतो आणि गतिरोधकाला, पाण्याखालच्या खड्ड्याच्या काठाला घासतो.

फ्रीव्हील आणि कॅसेट यात फरक काय? सातच्या जागी नऊ गिअर करता येतील?

फ्रीव्हील हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आट्यांवर फिरवून बसवतात आणि टकटक करणारी यंत्रणा त्याच्याच पोटात असते. कॅसेट म्हणजे नुसत्या चाक्या, यंत्रणा हबमध्ये. फ्रीव्हीलच्या हबला आठ-नऊ गिअरचे चांगले पर्याय फारसे नाहीत. त्यात उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात, म्हणून ॲक्सल (चाकाचा आस) वाकायची शक्यता जास्त. नऊ गिअर हवे असतील तर हब, म्हणजे पर्यायाने मागचं चाकच बदलावं लागतं.

त्याआधी फ्रेमच्या मागच्या, चाक धरणाऱ्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर मोजा. १३० किंवा १३५ मिलिमीटर असेल तर हब सहज मिळेल. फ्रेम स्टीलची असेल आणि अंतर दोन-चार मिलिमीटरने कमी असेल, तर जाणकार मेकॅनिक ती फाकवून जमवतो. ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र फाकवायची नाही. शिमानोचे सहा ते नऊ गिअरचे डिरेलर तारेच्या एकाच हिशोबाने सरकतात, त्यामुळे जुना डिरेलर बऱ्याचदा तसाच चालून जातो. चेन मात्र नऊ गिअरची, अरुंद लागते.

पुढे दोन चकत्या लावू का?

नको. पुढचा डिरेलर, त्याची केबल, हँडलवरचा शिफ्टर, रुंद होणारी घडी, आणि मिळणार काय तर दोन-तीन उपयोगी गिअर.

हब गिअर कसा?

मला मनापासून आवडतो. सगळे दात हबच्या पोटात, बाहेर एकच चाकी. लोकलमध्ये वाकायला डिरेलर नाही, पावसात चिखल भरायला जागा नाही, आणि सिग्नलला उभं असताना गिअर बदलता येतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब ०.७५, १ आणि १.३३ अशी पटी देतो. शिमानोचा नेक्सस ३ ही त्याच वळणाचा. दादर ते वरळी असा सपाट रस्ता असेल तर तीन गिअर भरपूर झाले.

अडचण दोन ठिकाणी येते. हब नव्याने रिममध्ये विणावा लागतो, आणि लहान रिमला लागणाऱ्या लांबीचे आरे दुकानात तयार नसतात, ते कापून आटे पाडून घ्यावे लागतात. दुसरं म्हणजे मागचं पंक्चर. गिअरची साखळी सोडा, नट सोडा, ॲक्सल फिरू न देणारे अँटी-रोटेशन वॉशर हरवू नका. रस्त्याकडेचा पंक्चरवाला याला हात लावायला कचरतो आणि त्यात त्याची चूक नाही. चाक न काढता ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढून पंक्चर काढायची जुनी पद्धत त्याला येते, ती करायला सांगा.

पुढचं चाक बदलायचं आहे. सगळे म्हणतात माप बघ, पण काय मोजू?

काट्याच्या दोन टोकांमधलं अंतर. साध्या सायकलला ते १०० मिलिमीटर असतं. ब्रॉम्प्टन आणि बऱ्याच डाहॉनला घडी अरुंद राहावी म्हणून मुद्दाम ७४ ठेवलेलं आहे. १०० चा हब ७४ च्या काट्यात बसत नाही, आणि काटा फाकवून बसवायचा प्रयत्न तर अजिबात करायचा नाही. पुढचा काटा तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

डिस्क ब्रेक लावून घेऊ का?

फ्रेमवर आणि काट्यावर डिस्कला चिमटणाऱ्या कॅलिपरची जागा कारखान्यातून आलेली असेल तरच. पट्टी आवळून लावायच्या अडॅप्टरवर माझा भरवसा नाही. डिस्कची एक बाजू मात्र मान्य करायला हवी : चाक लहान असल्याने त्याच मापाची डिस्क इथे जास्त पकड देते, आणि पावसात रिम झिजत नाही. पण गर्दीत घडी करून उभ्या ठेवलेल्या सायकलवर कुणाची बॅग आदळली की डिस्क वाकते आणि मग घरापर्यंत खस्स-खस्स ऐकत जायचं. व्ही-ब्रेकला चांगले पॅड घाला, कूल-स्टॉपचे विटकरी रंगाचे पावसासाठी नावाजलेले आहेत. दर आठवड्याला रिम फडक्याने पुसा. एवढ्यावर काम भागतं.

ब्रेकचा लिव्हर बदलताना तो व्ही-ब्रेकचाच आहे ना, हे पाहून घ्या. कॅलिपर ब्रेकचा लिव्हर तार कमी ओढतो.

माझी उंची सहा फूट आहे. सीट पुरेशी वर जात नाही.

सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते. ती दिसायला लागली की दांडा खाली घ्यायचा, या नियमाला सवलत नाही. लहान चाकाच्या सायकलला सीटचा दांडा आधीच लांबलचक असतो. आत पुरेसा नसेल तर सगळा भार सीटट्यूबच्या, म्हणजे दांडा ज्यात शिरतो त्या नळीच्या, तोंडावर येतो आणि तिथेच ती फाटते.

डाहॉन आणि टर्नच्या बऱ्याच मॉडेलना ३३.९ मिलिमीटर व्यासाचा दांडा लागतो, ब्रॉम्प्टनला ३१.८. त्याच व्यासाचा लांब किंवा दुर्बिणीसारखा दोन टप्प्यांचा दांडा घ्या. व्यास टेपने मोजू नका, व्हर्निअर कॅलिपर लागतो. तो नसेल तर कुठल्याही लेथवाल्याकडे जा, तो अर्ध्या मिनिटात मोजून देतो. जास्त व्यासाचा दांडा लेथवर तासून घेणं चालतं का? स्टीलचा जाड दांडा असेल आणि काढायचं ते केसभर असेल तर एखाद वेळ. ॲल्युमिनियमचा पातळ दांडा तासणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणि या दांड्याला ग्रीस लावायचं नाही. साध्या सायकलला लावतात, कारण तिथे दांडा वर्षानुवर्षं एका जागी असतो. इथे तो रोज वर-खाली होतो, त्यामुळे गंजून अडकत नाही, उलट ग्रीसमुळे चालवताना हळूहळू खाली बसतो. कोरड्या फडक्याने पुसला की झालं.

हँडल बदलायचं आहे. काय जपायचं?

नवं हँडल लावून केबल कापण्याआधी सायकलची पूर्ण घडी करून बघा. दांडा खाली पडताना केबल ताणली जात असेल तर ती एक दिवस तुटेल. ढिली राहून चाकात जात असेल तर त्याहून वाईट. आउटर आधी जरा लांबच कापा. नंतर कमी करता येतं, वाढवता येत नाही.

शिंगांसारखी बार-एन्ड, वाकडी रेसिंगची हँडल हे सगळं घडीच्या आड येतं. पंजा दुखत असेल तर तळहाताला टेकू देणारी रुंद ग्रिप लावा. हँडल उंच करायला मिळणारे जोडतुकडे मात्र टाळा. हँडलचा दांडा हा आधीच एक लांब तरफ आहे, त्यावर आणखी उंची चढवली की सगळा ताण खालच्या बिजागरीवर येतो.

बिजागरीतून कुई-कुई आवाज येतो. तेल घालू?

आधी बघा, मग तेल. बिजागरी उघडा, दोन्ही तोंडं पुसून कोरडी करा, आणि उजेडात वेल्डिंगच्या आजूबाजूचा रंग निरखा. केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरवडून पाहा. नखाला अडकली तर सायकल तिथेच थांबवायची. ॲल्युमिनियम वाकून सूचना देत नाही, थेट तुटतो.

रेघ नसेल तर खिळ्याच्या जागी तेलाचा एक थेंब टाका, आणि लॅच किती घट्ट बसतो ते पाहा. बंद करताना तळहाताने ठाम दाबावं लागलं पाहिजे. दोन बोटांनी मिटत असेल तर ढिला, अंगठा लाल होत असेल तर जास्तच आवळलेला. बहुतेक लॅचवर कसण्यासाठी नट किंवा स्क्रू असतो. तो अर्धा-पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तपासा. लॅचच्या जागी बाजारातला साधा बोल्ट घालून "कायमचा बंदोबस्त" करणारे लोक मी पाहिले आहेत. असल्या बंदोबस्तापासून लांब राहा.

फ्रेमला तडा गेला आहे. वेल्डिंग करून चालेल?

६०६१ सारख्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला वेल्डिंगनंतर पुन्हा उष्णताप्रक्रिया करावी लागते, नाहीतर जोडाच्या आजूबाजूची ताकद निघून जाते. ही सोय गल्लीतल्या वेल्डरकडे नसते. स्टीलची नळी जोडता येते, पण बिजागरीजवळ नाही, कारण उष्णतेने दोन तोंडांची सरळ रेघ बिघडते. बिजागरीला तडा म्हणजे फ्रेम भंगारात, एवढं साधं धरा.

क्रँक (पायडलचे दांडे) आणि पायडल घरी बदलता येतील?

येतील. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बऱ्याच सायकलींत बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगच्या) उजव्या कपाचेही उलटेच. हे विसरून पाना लावणाऱ्यांमुळे लेथवाल्यांची चूल पेटते. आटे गेले की मग टॅपिंग, बुश, आणि दुप्पट खर्च.

चौकोनी टोकाच्या ॲक्सलवर क्रँकचा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन-मीटर कसावा लागतो. हाताच्या अंदाजाने तो बहुधा कमीच बसतो आणि मग क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं. फोल्डिंग पायडल स्वस्तातले घेऊ नका, ते वर्षभरात डुगडुगतात. एमकेएसचे झटक्यात निघणारे पायडल महाग आहेत, पण चालवायला खऱ्या पायडलसारखे लागतात. काढलेला पायडल ठेवायची जागा मात्र आधीच ठरवा.

बॅग कुठे लावावी?

पुढे, फ्रेमला जोडलेल्या ठोकळ्यावर. ब्रॉम्प्टनची पद्धत हीच आहे. बॅग हँडलला नसून फ्रेमला असते, त्यामुळे वळताना वजन हँडल ओढत नाही. डाहॉन-टर्नच्या हेडट्यूबवर (हँडलखालच्या उभ्या नळीवर) त्यासाठी भोकं असतील तर तसाच ब्रॅकेट बसतो. भोकं नसतील तर पाडायची नाहीत. मागचं कॅरिअर बसवणार असाल तर टाच बॅगला लागते का ते बघा, लहान सायकलवर ती हमखास लागते.

मोटर बसवावी का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विजेच्या वाहनाला, तपासणी संस्थेच्या मान्यतेसह ठरावीक अटींवर, मोटार वाहनातून वगळलेलं आहे. बाजारातले ५०० वॅटचे, हजार वॅटचे किट या चौकटीत बसत नाहीत. लावणारे लावतात, पण अपघात झाला की विम्याचा आणि जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. आणि मोटर लावली म्हणून सी लिंक, कोस्टल रोड किंवा अटल सेतू खुला होत नाही. तिथे सायकलला आणि दुचाकीला मनाई आहे.

तांत्रिक बाजू अशी की पुढची हब मोटर बहुतेक १०० मिलिमीटरची असते, म्हणजे ७४ च्या काट्यात प्रश्नच मिटला. ॲल्युमिनियमच्या काट्यात मोटरचा ॲक्सल फिरून टोकं फाडू नये म्हणून टॉर्क-आर्म हवाच. बॅटरीसह चार-पाच किलो वाढतात. आता ती सायकल खांद्यावर घेऊन दादरचा पूल चढून बघा. मोटर हवीच असेल, तर कारखान्यातून तशी आलेली सायकल घ्या, हेच माझं उत्तर.

लोकलमध्ये नेण्यासाठी काय बदल करावेत?

मधोमध घडी होणाऱ्या बहुतेक सायकलींत चेन बाहेरच्या बाजूला राहते. तिचं ग्रीस कुणाच्या पांढऱ्या पँटला लागलं की तुमची सायकल डब्यात सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. म्हणून पहिला खर्च चकतीवरच्या गार्डचा आणि पातळ कापडी कव्हरचा. दुसरा, वेल्क्रोच्या पट्ट्यांचा. घडी बंद ठेवणाऱ्या लोहचुंबकाची पकड गाडीच्या हिसक्याला सुटते, पट्टी सुटत नाही. तिसरा, कॅरिअरखालची छोटी चाकं. प्लॅटफॉर्मवर उचलण्यापेक्षा ढकलणं बरं.

सकाळची विरारहून सुटणारी फास्ट किंवा संध्याकाळची कर्जत यांत सायकल घेऊन चढायचा विचारही करू नका. लगेजचा डबा किंवा उलट्या दिशेची गाडी बघा, आणि सामानाचा पास लागतो का ते स्टेशनवर विचारून घ्या. मेट्रोत सामान तपासणीच्या यंत्रातून जातं, त्यामुळे घडीची लांबी-रुंदी-उंची पाठ असलेली बरी. ऑफिसच्या सुरक्षारक्षकाशी वाद झाला तरी तेच आकडे कामाला येतात.

पावसाळ्यात काय?

चेनला ओल्या हवेचं जाडसर तेल, दर दोन-तीन दिवसांनी पुसून पुन्हा. मडगार्ड काढू नका, कितीही वजन वाचत असलं तरी. वरळी, वर्सोवा, माहीमसारख्या समुद्राकाठच्या घरात सायकल गॅलरीत उघडी ठेवली तर पाऊस नसतानाही बोल्ट तांबडे होतात. बाहेरचे बोल्ट स्टेनलेसचे करून घ्या, पण हँडलच्या दांड्याचे आणि बिजागरीचे बोल्ट सोडून. तिथे कंपनीने दिलेल्या ताकदीचेच बोल्ट हवेत आणि सगळे स्टेनलेस तितके ताकदीचे नसतात.

घडी करताना सीटचा दांडा खाली जातो आणि सीटट्यूबमध्ये साठलेलं पाणी बॉटम ब्रॅकेटपर्यंत ढकलतो. भिजून आलात की दांडा काढून सायकल उलटी धरा. कधीकधी चहाच्या कपाइतकं पाणी निघतं.

पार्ट मुंबईत कुठे शोधू?

टायर, ट्यूब, पॅड, केबल, सीट हे डिकॅथलॉनमध्ये किंवा चांगल्या सायकल दुकानात मिळून जातं. हबचे बंद बेअरिंग सायकलच्या दुकानात शोधत बसू नका. जुन्या बेअरिंगवरचा नंबर, समजा ६९०२ टूआरएस, कागदावर लिहून नागदेवी स्ट्रीटला जा. तिथे बेअरिंग, ॲलन बोल्ट आणि वॉशर नंबरावर मिळतात. दिव्यांचं वायरिंग, कनेक्टर, स्विच यासाठी लॅमिंग्टन रोड. छोटं बुश किंवा स्पेसर बनवून घ्यायला साकीनाका किंवा वसईच्या गाळ्यांतले लेथवाले. त्यांना हातात नमुना द्या, कागदावरचं चित्र नव्हे.

७४ चे हब, ३३.९ चे दांडे, ३४९ च्या रिम या गोष्टी बहुधा बाहेरूनच मागवाव्या लागतात. किंमत ठरवताना सीमाशुल्क आणि पाठवणावळ आधीच धरा. कुणी सिंगापूर किंवा तैवानहून येत असेल तर लाज न बाळगता सांगा. रिम मात्र सांगू नका, सुटकेसमध्ये ती वाकते.

गल्लीतला सायकलवाला हे काम करेल?

चाकाचा आउट काढणं, छर्रे बदलणं, हबमध्ये ग्रीस भरणं यात त्याचा हात शोरूममधल्या मुलापेक्षा बरेचदा चांगला असतो. फक्त बिजागरीला हात लावायचा नाही आणि हातोडा वापरायचा नाही, एवढं आधीच गोड शब्दांत सांगून ठेवा. आणि शक्यतो तिथेच उभे राहा.

रंग बदलायचा आहे. पावडर कोटिंग चालेल?

चालतं, पण बिजागरीची तोंडं, बॉटम ब्रॅकेटचे आटे आणि सीटट्यूबचं आतलं अंग टेप लावून झाकून घ्या. कोटिंगचा थर बिजागरीच्या तोंडावर बसला तर लॅच नीट मिटत नाही, आणि तो घासून काढताना तोंड वाकडं होतं.

काढलेले जुने पार्ट विकून टाकू का?

लगेच नको. एक पावसाळा जाऊ द्या. नवा पार्ट टिकला तर विका. सीटचा मूळ दांडा, हँडलचा दांडा आणि लॅचचे सुटे भाग मात्र कधीच विकू नका. मॉडेल बंद झालं की तेच सगळ्यात आधी मिळेनासे होतात. पुसून, तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि पिशवीवर व्यास लिहून माळ्यावर टाका.